साडूभाऊंचा आडवा मार्ग

९ जानेवारी

आजपासून बसायची जागा बदलली. तीन शहरांचा मिळून एकच आराखडा करायचा असं वरून ठरलं, म्हणून तिन्ही महापालिकांतली माणसं उचलून एका भाड्याच्या मजल्यावर आणून बसवली आहेत. खाली पलंग-गाद्यांचं दुकान. कामावर येताना आधी झोपेची आठवण व्हावी अशी सोय.

मधल्या मोठ्या शहराची माणसं खंडीभर, टेकडीवरच्या शहराचे तिघं, आणि आमच्या शहराकडून मी एकटा नगररचनाकार. तिन्ही नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावले, तर एकाचा रस्ता दुसऱ्याच्या रस्त्याला भिडेना. आपली हद्द संपली की प्रत्येकाने पुढे पांढरं सोडलेलं, जणू तिथून पुढे माणसं राहतच नाहीत. उमेदवारीच्या दिवसांपासून मी हेच ओरडतोय. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि कक्षप्रमुख कोण? आमचे साडूभाऊ! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोठ्या शहरात वाहतुकीचं नियोजन बघतो. माझ्याहून वयाने लहान, अनुभवाने लहान, डोक्यावर केस मात्र माझ्या दुप्पट.

"दादा, तुम्ही आहात म्हणून मी हो म्हटलं," सगळ्यांसमोर म्हणाला. गोड बोलण्यात त्याचा हात कोण धरणार! दादा आहेत तर खुर्ची त्यांनाच द्या, असं म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर हिला सांगितलं. "बरं झालं की. घरचाच माणूस," म्हणाली. माहेरचं कुणीही पुढे गेलं की हिला ते बरंच झालेलं असतं.

१३ जानेवारी

मला खिडकीजवळचं टेबल दिलंय. दुपारभर ऊन डोळ्यांवर. सहज बोलून दाखवलं, तर आज साडूने स्वतः स्टुलावर चढून पडदा लावला. सगळा कक्ष बघत होता. दाखवायची हौस दांडगी.

२२ जानेवारी, रविवार

सासरेबुवांना भेटून आलो. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता घरी आहेत, टेकडीवरच्या शहरात, दोन खोल्यांत एकटेच. त्यामुळे सकाळी धाकटी जाते आणि दुपारी आपली शाळा उरकून ही जाते. धाकटी मोठ्या शहरात राहते, तिला सरळ एक बस. हिला दोन.

साडूभाऊंनी बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी बसवून दिली आहे. सासरेबुवांना तिचं कोण कौतुक! मला मुद्दाम नेऊन दाखवली. वॉकर टेकत टेकत, पण नेली. "बघा, इंजिनिअर माणूस! आता पडायची भीती नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही अजून नकाशेच काढता ना?"

मी नेलेली सफरचंदं टेबलावर तशीच होती.

साडू पटकन म्हणाला, "बाबा, दादांच्या नकाशावरच तर आमचं सगळं चालतं." सासरेबुवांना कमी ऐकू येतं. "हो हो, चालायला लागेन आता," म्हणाले.

माझी बाजू घ्यायला मी याला वकीलपत्र दिलं होतं का?

३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

आमच्या गच्चीवरून टेकडीवरच्या शहराचे दिवे दिसतात. मध्ये फक्त जुना कालवा आणि त्याच्या काठचा कच्चा रस्ता. पण तिकडे जायचं तर आधी उलट्या दिशेने मोठ्या शहरात शिरायचं, तिथल्या स्थानकात बस बदलायची आणि मग पुन्हा बाहेर पडायचं. सगळ्या वाटा मोठ्या शहरात जातात, एकमेकांकडे एकही नाही. गाडीच्या चाकाला आरे आहेत, त्यांना बाहेरून जोडणारी धावच नाही. कालव्याच्या काठाने आडवा मार्ग काढा, दोन धाकटी शहरं थेट जोडा, हे माझं म्हणणं. माझं! साडूलाही मीच सांगितलं होतं, त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला, मिठाच्या आणि मसाल्याच्या बरण्या ताटाभोवती मांडून.

आज कक्षाच्या बैठकीत त्याने पडद्यावर नकाशा लावला. कालव्याच्या काठाने जाणारी जाड लाल रेघ. खाली लिहिलेलं, "आडवा मार्ग". शब्दसुद्धा माझाच.

"ही कल्पना माझी नाही," तो म्हणाला. "या खोलीतच बसलेल्या एका माणसाची आहे. ते स्वतः सांगतील तर जास्त बरं." आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी टाचणी उचलून तिचं टोक बघत बसलो. नाव घे ना सरळ! मी उठून उभा राहायचं, आणि यांनी औदार्य दाखवायचं? शेवटी त्यानेच पुढचं सांगितलं. चांगलं सांगितलं, हे कबूल. मला सुचली नव्हती अशी एक गोष्टही घातली होती, कालव्यावरच्या जुन्या पुलांचा वापर. तीच जास्त झोंबली.

सगळे म्हणाले, किती विनम्र माणूस आहे. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर विनम्र!

१२ फेब्रुवारी

ही आजही उशिरा आली. मी वाट बघून जेवून घेतलं होतं. चपला काढल्या आणि पायरीवरच बसली. पाय सुजले होते बहुतेक, कारण बोटांनी दाबून बघत होती.

मी विचारलं, "साडू आला होता का तिकडे?"

"आला होता थोडा वेळ."

"काय म्हणत होता?"

"काही नाही. बाबांची दाढी करून दिली त्याने."

"माझ्याबद्दल काही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही परक्या भाषेत बोललोय. मग म्हणाली, "बस स्थानकात बसायला बाक नाही हो एकही. आज उभं राहून राहून चक्कर आली."

दाढीसुद्धा करून देतो म्हणजे काय! हे जरा अतिच झालं.

१९ फेब्रुवारी

आमच्या महापौरांनी बोलावलं होतं. संयुक्त आराखड्यात आपल्या शहराचं हित आहे ना, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी सगळं नीट सांगितलं, पाणी, कचरा, नवी वसाहत. आडव्या मार्गाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "हे बेस्ट आहे. तुमचे साडू हुशार दिसतात!"

मी एकच वाक्य बोललो. "चांगला आहे, साहेब. फक्त आपली माणसं खरेदीला टेकडीवर जातील, आपल्या बाजारपेठेचं काय होईल ते बघावं लागेल."

महापौर स्वतः त्या बाजारपेठेतून निवडून येतात. पेन खाली ठेवलं त्यांनी.

एकच वाक्य. शंका काढणं हे नियोजनकाराचं कामच आहे.

२० फेब्रुवारी

माझ्याच जुन्या पाहणीत लिहिलंय की थेट वाट झाली तर तिकडची माणसं आमच्या बाजारात जास्त येतील. पण ती पाहणी जुनी आहे. परिस्थिती बदलते. एखादा माणूस असं म्हणू शकतो.

सकाळी मी येईपर्यंत साडूने माझ्या टेबलावर चहा ठेवला होता, वर बशी झाकून. प्यायलो नाही. मग गार झाल्यावर प्यायलो.

१ मार्च

महापौर भर सभेत गरजले. "आमचं शहर दुसऱ्याच्या दावणीला बांधू देणार नाही! कालव्याकाठी एक दगड हलू देणार नाही!" टाळ्या पडल्या. माझं एक वाक्य, त्याचा एवढा फुगा.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा बरं वाटलं. लाल रेघेवर पाणी पडताना बघून गार वाटलं. मग दुपारी माझी ती जुनी पाहणी खणात सगळ्यात खाली सरकवून ठेवली.

४ मार्च

साडू घरी आला. न कळवता. ही नेहमीप्रमाणे टेकडीवर. स्वयंपाकघरातच बसला, मी चहा टाकला.

"दादा, दहा तारखेला तिन्ही महापौरांची बैठक आहे," तो म्हणाला. "आडवा मार्ग तुम्ही मांडा."

"मी का? प्रमुख तू."

"तुमच्या महापौरांना दुसरं कुणी पटवू शकणार नाही." कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "तुम्ही सांगितलेलं ते ऐकतात."

"असं कोण म्हणालं?"

"असंच. मला वाटतं." कप बाजूला सरकवला. "अजून वेळ आहे, दादा. तुम्ही एकदा उभे राहून म्हणालात की बाजारपेठेचं नुकसान नाही, तर विषय मिटला. मी तुमच्या मागे बसेन. एक शब्द बोलणार नाही."

मी काय दूधखुळा आहे? मार्ग पडणार हे याला दिसतंय, तेव्हा पडताना तो माझ्या हातात असावा. यश आलं तर प्रमुख, अपयश आलं तर दादा!

"मला जमणार नाही," मी म्हटलं. "तब्येत बरी नाही."

चहा अर्धा ठेवून गेला. दारात उगीचच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या माणसाच्या खांद्यावर कुणी हात ठेवतं का?

१० मार्च

आडवा मार्ग दुसऱ्या टप्प्यात गेला. दुसरा टप्पा म्हणजे काय ते आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. तिकडे गेलेलं काही परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

साडूने जिवाचं रान केलं. आकडे, नकाशे, सगळं. आमचे महापौर मान हलवत राहिले. टेकडीवरचे महापौर म्हणाले, "त्यांना नको तर आम्हाला काय पडलंय." मोठ्या शहराच्या महापौरांना मुळातच घाई नव्हती.

नंतर जिन्यात साडू भिंतीला टेकून उभा होता. डोळे ओले. येणारा-जाणारा थांबून त्याची पाठ थोपटत होता.

रेघ माझी. आणि तिच्यासाठी रडायलासुद्धा पाठ त्याचीच थोपटली जाते. मला चारचौघांत रडता येत नाही, हा काय माझा गुन्हा?

१५ मार्च

ही बॅग भरत होती.

"कुठे?"

"बाबांकडे राहायला जाते. शाळेतून बिनपगारी रजा घेतली. रोजचं जाणं-येणं आता होत नाही हो माझ्याच्याने."

"किती दिवस?"

ती साडी घडी करत होती. अगदी सहज म्हणाली, "तुमचा तो आडवा मार्ग होता ना, कालव्यावरचा, मला वाटलं होतं तो होईल आता. मी बाबांना सांगूनही टाकलं होतं की तुमचे थोरले जावई करतायत. मग शाळा सांभाळून केलं असतं सगळं." चेन ओढली. "नाही झाला, जाऊ दे."

मी कॉटवर बसलो. इतकी वर्षं मी नकाशावर त्या वाटेने माणसं नेतोय, इथून इतकी, तिथून तितकी. त्यांत ही एक आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. रोज पायरीवर बसून पाय दाबणारी माझ्या घरातली बाई!

"डब्यात पोळ्या आहेत," म्हणाली आणि गेली. बॅग मी बसथांब्यापर्यंत नेली. महापौरांना मी काय सांगितलं, ते तिला अजून माहीत नाही.

२१ मार्च

रजा काढून टेकडीवर गेलो. दोन बसने, हिच्यासारखा. मोठ्या शहराच्या स्थानकात खरंच एकही बाक नाही. माणसं पत्र्याच्या सावलीचा पट्टा सरकेल तशी सरकतात. एक बाई पिशवीवरच बसली होती. दुसरी बस आली ती भरलेलीच आली.

पोचलो तर साडू आणि धाकटी तिथेच. साडू सासरेबुवांना घरातल्या घरात चालवत होता, हाताला धरून. माझी जागा तिथेही भरलेली! एवढं सगळं होऊनही मनात पहिलं हेच आलं.

धाकटी माझ्याशी बोलेना. चहा आणून आदळला. हिने विचारलं, "अगं, काय झालं तुला?"

"विचार भावोजींना. महापौरांचे कान कुणी भरले ते विचार."

"गप बस," साडू म्हणाला.

"का गप बसू? त्या महापौरांनीच तोंडावर सांगितलं याला, की तुमचे साडूच म्हणाले बाजार बुडेल. त्यानंतर हा तुमच्या घरी आला भावोजी, चार तारखेला. हातापाया पडायला! की अजूनही सावरा, मी कुणाला सांगणार नाही. आणि तुम्ही तब्येतीचं कारण सांगितलंत."

सासरेबुवा विचारत होते, कोण बुडालं, कोण बुडालं.

हिने माझ्याकडे पाहिलं नाही. उठून आत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. मी दाराशी गेलो, तर पाठमोरीच म्हणाली, "मी उभी राहायचे ना तिथे. त्या पत्र्याखाली. तेव्हा म्हणायचे, आणखी थोडे दिवस, मग हेच काढतील वाट."

जिना उतरलो. साडू मागून आला.

"दादा, हरकती-सूचनांची सुनावणी आहे एकोणतीसला. नागरिकांसाठी. कुणीही बोलू शकतं."

"मी कर्मचारी आहे."

"रजेवर असलात तर नागरिक आहात," म्हणाला.

त्याला असं नेमकं कसं सुचतं? मला का नाही सुचत?

२९ मार्च

सभागृह भरलेलं. मी रांगेत उभा राहिलो, इमारतीची उंची वाढवून मागणाऱ्या आणि नाला बुजवू नका म्हणणाऱ्या लोकांमध्ये. समोर समिती, बाजूच्या खुर्च्यांत तिन्ही महापौर. ही आली होती, मागे, धाकटीशेजारी. कुणाला कुणाची नजर नको होती.

माझी पाळी आली. कागद आणला होता तो घामाने चिकटला, म्हणून तसंच बोललो.

"मी या कक्षात काम करतो, पण आज रजेवर आहे. आडव्या मार्गाने आमची बाजारपेठ बुडेल, असं आमच्या महापौरांना मी सांगितलं होतं. ते खरं नाही. माझ्याच पाहणीत उलटं आलंय, ती इथे देतो."

महापौरांचा चेहरा विटेसारखा झाला. "मग सांगितलंत कशाला?"

खोटं सांगायला तोंडात एक-दोन कारणं तयार होती.

"कारण तो मार्ग माझ्या साडूने मांडला होता," मी म्हटलं.

कुणीतरी फस्सकन हसलं. मग बरेच हसले. मी हसणं थांबेपर्यंत उभा राहिलो आणि उरलेलं बोललो. स्थानकातला पत्रा, सावलीचा पट्टा, पिशवीवर बसलेली बाई. म्हटलं, माझी बायको वडिलांच्या आजारपणात रोज ही वाट करत होती आणि शेवटी शाळेतून रजा घेऊन तिकडे राहायला गेली. म्हटलं, मार्ग जेव्हा व्हायचा तेव्हा होईल, पण कालव्याचा कच्चा रस्ता आज आहे, त्याच्यावरून बस सोडून तर बघा.

बोलून खाली बसलो. साडू समितीच्या मागे बसला होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. वरिष्ठ हाताखालच्या माणसाला हलवतात तशी वाटली मला. नसेलही.

मी मागे वळून पाहीपर्यंत ही निघून गेली होती.

७ एप्रिल

महापौरांनी मला कक्षातून परत बोलावलं आणि जन्म-मृत्यू नोंदणीत टाकलं. "तिथे तुम्हाला कुणाचा हेवा वाटायचा नाही," असं बोलले म्हणे. तळमजला, खिडकी नाही. कक्षातून माझं सामान न्यायला गेलो, तर त्या खिडकीशी साडू नवं कुणाला तरी बसवत होता. नवा माणूस तरतरीत आहे. त्याचंही जरा टोचलंच.

३० एप्रिल

समितीने दुसऱ्या टप्प्याला हात लावला नाही. पण कालव्याच्या रस्त्यावर मुरूम टाकून सहा महिने थेट बस चालवून बघायला सांगितलं. माणसं मिळाली तर पुढे बघू, म्हणाले. दोन्ही शहरांची डेपोवाली माणसं एकत्र बसत नव्हती. साडू रोज संध्याकाळी एकाकडून दुसऱ्याकडे खेटे घालून त्यांना एकत्र आणतोय, असं कळलं. हे काम मला साता जन्मांत जमलं नसतं. मी पहिल्याच दिवशी कुणाला तरी टोमणा मारला असता.

हिला फोन केला. "बस सुरू होतेय," म्हटलं.

"कळलं," म्हणाली. "जेवलात?"

एवढंच. पण विचारलं.

२ जून

पेपरात फोटो आलाय. हार घातलेली बस, तीन महापौर, आमचेही हसतायत, आणि मधोमध साडू. मी कुठेच नाही. असायचं कारणही नाही. तरी भिंग घेऊन एकदा बघितलं.

४ जून, रविवार

पहिल्यांदा त्या बसने गेलो. अर्धी रिकामी होती, त्याचं वाईट वाटलं. मग दर थांब्याला कोण चढतंय ते बघत राहिलो. एका मुलीने ड्रायव्हरला विचारलं, "ही खरंच सरळ टेकडीवर जाते? बदलायची नाही?" तो म्हणाला, "नाही बदलायची, बस निवांत." मी खिडकीकडे तोंड वळवून घेतलं.

सासरेबुवा आता काठीवर आले आहेत. खुशीत होते. "आमच्या धाकट्या जावयाने बस आणली! आहे की नाही माणूस?"

साडू म्हणाला, "बाबा, दादांनी आणली. दादांनी."

"काय?"

त्याने पुन्हा ओरडून सांगायला तोंड उघडलं. मी त्याचा हात धरला आणि सासरेबुवांच्या कानाशी वाकून म्हटलं, "हो बाबा. त्यानेच आणली. फार खटपट केली त्याने."

जीभ जड झाली बोलताना. पण खोटं नव्हतं ते.

ही दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली. बाहेर आली ती बॅग घेऊन. "धाकटी आहे आज रात्री इथे," म्हणाली. "उद्यापासून मी घरून ये-जा करीन. शाळाही सुरू होईल आता."

संध्याकाळच्या बसने दोघं परत आलो. ती सगळी वाट साडूबद्दल बोलत होती. कसा त्या डेपोवाल्यांच्या घरी गेला, कसा बाबांकडून व्यायाम करून घेतो, किती समजूतदार आहे. मी "हं, हं" करत होतो. कालवा संपेपर्यंत तिचं चाललं होतं. मध्ये एकदा मला ते सहन झालं नाही, मी म्हटलं, "पुरे आता त्याचं."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. आणि बॅग माझ्या मांडीवर ठेवून तिच्यावर डोकं टेकून झोपून गेली. घराच्या थांब्यापर्यंत उठवलं नाही.